आहे, पण सापडत नाही!

सीमाभागातील गावोगावची वाचनालये, संमेलन समित्या, पतसंस्था, महिलांचे बचत गट आणि आमचे कुंदा-मांडेवाले यांनी गेल्या काही वर्षांत आपापली संकेतस्थळे काढली, ही समाधानाची बाब आहे. वर्गणी जमली, कोणाच्या तरी भाच्याने किंवा शहरातल्या एखाद्या संगणक केंद्राने पाने तयार करून दिली, उद्घाटन झाले, पाहुण्यांनी कळ दाबली, टाळ्या पडल्या. पुढे मात्र बहुतेक ठिकाणी एकच रड ऐकू येते. गूगलवर नाव टाकले तरी आमचे पान येत नाही. भलत्याच गावाची, भलत्याच भाषेतली पाने येतात. आमचे कुठेच नाही.

या तक्रारीच्या पाठोपाठ, चार माणसे जमली की, दुसरे वाक्य येतेच. आपण मराठी म्हणून आपल्याला मुद्दाम मागे ठेवले जाते. सीमाभागातील मराठी माणसाला डावलले जाण्याची इतकी सवय झाली आहे की, दार उघडले नाही तर ते आतून कोणीतरी लावून घेतले आहे, अशीच त्याची समजूत होते. त्यामागचा अनुभव आम्ही नाकारत नाही. पण या एका बाबतीत आम्हाला स्पष्ट सांगितले पाहिजे की, शोधयंत्राला आपल्या गावाशी वैर नाही. त्याला जे वाचता येते ते ते नोंदवते, जे वाचता येत नाही ते सोडून देते. आपली पाने सापडत नाहीत याची कारणे बहुतेक वेळा आपल्याच घरात असतात आणि त्यातली निम्मी कारणे एका दुपारी दूर करता येण्यासारखी असतात.

आधी हे तपासावे की, शोधयंत्राच्या नोंदवहीत आपण आहोत की नाही. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहावा, त्यापुढे कोलनची दोन टिंबे द्यावीत आणि मध्ये जागा न सोडता आपल्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. आपल्या स्थळाची जी पाने नोंदली गेली आहेत त्यांची यादी समोर येते. ती अगदी पुरती असतेच असे नाही, पण अंदाज यायला पुरेशी असते. यादी रिकामी आली तर अडचण क्रमांकाची नाही, प्रवेशाचीच आहे. यादीत आपली पाने दिसत असतील आणि तरीही सामान्य शोधात ती वर येत नसतील, तर तो निराळा आजार आहे आणि त्याचे औषधही निराळे आहे. कित्येक मंडळी या दोन्हींत गल्लत करून पहिल्या आजारावर दुसऱ्याचे औषध घेत बसतात आणि त्यात पैसा घालवतात.

यादी रिकामी असेल तर एक साधी गोष्ट पाहावी. वर्डप्रेस या प्रणालीवर आपल्याकडील निम्मीअधिक स्थळे उभी असावीत असा आमचा अंदाज आहे. तिच्यात शोधयंत्रांनी हे स्थळ नोंदवू नये अशी सूचना देणारी एक चौकट असते. काम चालू असताना कारागीर तिच्यावर खूण करून ठेवतो, म्हणजे अर्धवट पाने लोकांना दिसू नयेत. काम संपल्यावर खूण काढायची राहून जाते. घराला रंग दिला, वास्तुशांत झाली आणि ‘काम चालू आहे, आत येऊ नये’ ही पाटी दारावर तशीच राहिली, असा हा प्रकार. रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक छोटी फाइलही प्रत्येक स्थळाच्या मुळाशी असू शकते. यंत्रांनी कोणत्या खोलीत जायचे आणि कोणत्या नाही हे तीत लिहिलेले असते. त्यातला एक तिरका दांडा चुकीच्या जागी पडला की सगळे घर बंद होते.

यापुढची तपासणी गूगलच्या सर्च कन्सोल या विनामूल्य सोयीतून होते. स्थळ आपले आहे याचा पुरावा एकदा द्यावा लागतो, नंतर प्रत्येक पानाचा पत्ता टाकून त्याची अवस्था पाहता येते. पान सापडले पण अजून वाचले नाही, वाचले पण नोंदले नाही, अशी स्पष्ट उत्तरे तिथे मिळतात. नवे पान नोंदवण्याची विनंतीही करता येते. विनंती केल्यावर काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. सकाळी पान टाकून संध्याकाळी ‘आले का, आले का’ म्हणून पाहण्यात अर्थ नाही.

आता मराठी स्थळांच्या खास दुखण्याकडे वळतो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत ते सापडत नाही.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली होती. पण छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत वेगळ्याच पद्धतीने काम चालले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा नावांच्या फाँटांवर आपली लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल आणि वृत्तपत्रेही निघाली. या फाँटांनी मराठीची मोठी सेवा केली, हे विसरता येणार नाही. मात्र त्यांची रचना अशी की, संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच संकेत असतात. पडद्यावर आणि कागदावर त्या संकेतांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे उमटतात. माणसाला मराठी दिसते. यंत्र डोळ्यांनी वाचत नाही, संकेत वाचते. त्याला त्या जागी इंग्रजी अक्षरांची एक अर्थहीन रांग दिसते. मराठीतून शोध घेणाऱ्याचा शब्द त्या रांगेशी कधीच जुळणार नाही.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्थळांपुरताच हा दोष आहे असे कोणी समजू नये. आजही संमेलनाची स्मरणिका छापखान्यात जुन्या फाँटात तयार होते, तिची पीडीएफ काढली जाते आणि ती जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवली जाते. दिसायला सुंदर, शोधायला शून्य. ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. त्या पीडीएफमधली किंवा पानावरची एक ओळ निवडावी, तिची नक्कल करून मोबाइलच्या संदेशात चिकटवावी. मराठी उमटली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा किंवा चिन्हांचा चिवडा उमटला तर शोधयंत्रालाही तोच चिवडा मिळतो आहे. ओळ निवडताच आली नाही, तर तो मजकूर नसून चित्र आहे.

चित्राचा रोग तर घरोघरी आहे. यात्रेचे पत्रक, व्याख्यानमालेचे निमंत्रण, वधू-वर मेळाव्याची जाहिरात, शाळेच्या प्रवेशाची सूचना, सगळे रंगीत चित्र करून टाकण्याची पद्धत पडली आहे. व्हॉट्सॲपवर ते शोभते. संकेतस्थळावर त्याच चित्राच्या खाली तोच मजकूर टंकलिखित स्वरूपात दिला पाहिजे. कार्यक्रम, गाव, तारीख, वक्ता, सगळे. यंत्रे आता चित्रातली अक्षरे ओळखू लागली आहेत हे खरे, पण नक्षीदार अक्षरांतले, फुलांच्या महिरपीतले मराठी त्यांनी अचूक वाचावे या भरवशावर आपले वाचनालय सोडून द्यावे असे आम्हाला वाटत नाही. प्रत्येक छायाचित्रालाही एक पर्यायी ओळ देण्याची सोय असते. ‘फोटो १’ लिहिण्यापेक्षा ‘वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवातील ग्रंथदिंडी’ असे लिहायला अर्धे मिनिट जास्त लागते.

जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके आज विनामूल्य मिळतात. त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. रफार जागा सोडतो, जोडाक्षरे तुटतात, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन चिकटते. कोणीतरी बसून प्रत्येक पान वाचावे लागते. गावोगावी निवृत्त शिक्षक आहेत, ज्यांच्या लाल शाईला अजून धार आहे. त्यांना हे काम सांगावे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी अशा गावांनी दरवर्षी मराठी साहित्य संमेलने भरवून जी परंपरा जपली, तिच्या स्मरणिका आणि भाषणे हा सीमाभागाचा वैचारिक इतिहास आहे. तो संकेतस्थळावर चढला आणि तरीही कोणाला सापडला नाही, तर चढवून काय मिळवले?

एक बारीक गोष्ट, जी भल्याभल्यांना ठाऊक नसते. युनिकोडमध्येही एकच मराठी शब्द दोन तऱ्हांनी साठवला जाऊ शकतो. ‘बऱ्याच’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येतो. ‘ॲ’ हे अक्षरही तसेच. २००८ साली त्याला स्वतंत्र संकेत मिळाला; त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत आणि आजही अनेक कळफलक तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. मोठी शोधयंत्रे असा फरक बहुधा सांभाळून घेतात. आपल्या स्थळावरची स्वतःची शोधपेटी मात्र घेईलच असे नाही. एखाद्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीत पुस्तक असूनही ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते, त्यामागे कित्येकदा हा अर्धा र असतो. सूची करणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक वापरावा, हा त्यावरचा साधा उपाय.

आता नावाचा प्रश्न. तो नाजूक आहे, पण टाळता येणार नाही.

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरात बेळगावचे नाव बदलले गेले. मराठी माणूस बेळगाव म्हणतो, लिहितो आणि म्हणत राहील. हे दैनिकही तेच लिहिते. परंतु शोध घेणारा कोण आहे, याचा विचार दुकानदाराने आणि संस्थाचालकाने करायला नको काय? पुण्यातला मराठी माणूस ‘बेळगाव’ लिहील. जुना माणूस अनुस्वार देऊन ‘बेळगांव’ लिहील. अमेरिकेतला नातू जुन्या इंग्रजी स्पेलिंगने ‘बेलगाम’ लिहील. मुंबईहून रेल्वेचे तिकीट काढणारा, पार्सल पाठवणारा, नकाशात पाहणारा नव्या सरकारी स्पेलिंगने ‘बेळगावी’ लिहील. हे चौघेही आपल्याच दारी यायला निघालेले आहेत. शोधयंत्राला ही नावे एकाच शहराची आहेत हे शहरापुरते बहुधा कळते. अडचण येते ती खेड्यांची. खेड्याच्या नावाचे मराठी रूप, कन्नड रूप आणि कागदोपत्री इंग्रजी रूप यांत इतके अंतर पडते की ते एकच गाव आहे हे परक्याला उमगत नाही, मग यंत्राला कुठून उमगणार?

आमचे मत असे आहे की, मजकुरात आपले नाव आपल्या रूपातच ठेवावे आणि पत्त्याच्या ओळीत सरकारी रूप, तालुका, जिल्हा आणि पिनकोड एकदा नीट लिहावा. ‘आमच्याबद्दल’ या पानावर गावाची वेगवेगळी नावे एका सरळ वाक्यात सांगावीत. यात माघार नाही. टपाल खात्याच्या पाकिटावर आपण जे लिहितो तेच इथे लिहायचे. उलट, सरकारी रूप कटाक्षाने टाळून आपले पानच दृष्टीआड करण्यात आम्हाला कोणताच पराक्रम दिसत नाही. कर्नाटकात २०२४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानांच्या फलकांवर ६० टक्के कन्नडची सक्ती आली. फलकावर जागा मोजकी असते आणि तिच्यावर वाद होतात. संकेतस्थळाच्या पानाला अशी टक्केवारी लागू नाही. तिथे पूर्ण मराठी पान, पूर्ण कन्नड पान आणि पूर्ण इंग्रजी पान, तिन्ही सुखाने नांदू शकतात. मिळालेली ही मोकळीक वापरली न जाणे हे आम्हाला फलकाच्या सक्तीइतकेच खटकते.

तिन्ही भाषा नांदाव्यात, पण एकाच पानावर खिचडी करून नव्हे. वरती कन्नड शीर्षक, मध्ये मराठीच्या दोन ओळी, खाली इंग्रजी नियम असे पान यंत्राला कोणत्याच भाषेचे वाटत नाही. त्यात मराठी आणि हिंदीची लिपी एक. दोन ओळींच्या मजकुरावरून ती मराठी की हिंदी हे ठरवणे यंत्राला जड जाते. म्हणून प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता असावा, त्यावर त्या भाषेत पुरेसा मजकूर असावा, आणि ही तीन पाने एकमेकांची भाषांतरे आहेत हे सांगणाऱ्या खुणा पानाच्या शिरोभागात घालाव्यात. मराठीची खूण ‘एमआर’, कन्नडची ‘केएन’, इंग्रजीची ‘ईएन’ अशी इंग्रजी अक्षरांत लिहितात. आपल्या कारागिराला ‘एचरेफलँग’ म्हटले की तो समजेल. काही कारागीर हुशारी करून वाचक कोणत्या प्रदेशातून आला ते पाहून आपोआप भाषा बदलणारी स्थळे बनवतात. ती हुशारी अंगाशी येते. गूगलचा वाचक-यंत्रमानव बहुतांशी अमेरिकेतून फेरी मारतो. त्याला दर वेळी इंग्रजी पानच दाखवले जाते आणि मराठी पान त्याच्या नजरेस पडतच नाही.

पानाच्या शीर्षकाबद्दल थोडक्यात सांगतो. शोधात निळ्या अक्षरांत जी ओळ दिसते ती बहुधा पानाच्या शीर्षकातून येते. आपल्याकडे प्रत्येक पानाचे शीर्षक ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘स्वागत’ असते. स्वागत कोणाचे, कुठे? ‘शुद्ध खव्याचा कुंदा, शहापूर, बेळगाव’ असे लिहिणारा दुकानदार एका ओळीत आपला माल आणि ठिकाण सांगून मोकळा होतो. प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक द्यावे, एवढे पुरे.

पाने मोबाइलवर नीट उघडतात का, हेही पाहिले पाहिजे. ५ जुलै २०२४ पासून गूगल सर्व स्थळे मोबाइलच्या नजरेनेच वाचते. मोबाइलवर जे पान उघडतच नाही ते नोंदीतूनही जाते. खेड्यात नेटवर्क कसे असते हे आम्ही सांगायला नको. यात्रेची पाच-पाच एमबीची चाळीस छायाचित्रे मुखपृष्ठावर टांगली की पान उघडेपर्यंत पालखी देवळात परत येते. छायाचित्रे लहान करून टाकावीत.

या सगळ्या अज्ञानावर एक धंदा पोसला जातो आहे, त्याचा समाचार घेतलाच पाहिजे. ‘महिन्याला इतके रुपये द्या, पहिल्या क्रमांकावर आणतो’ असे फोन गावोगावी येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. हे लोक करतात काय? पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘कुंदा, कुंदा, बेस्ट कुंदा’ असे शंभरदा लिहून ठेवतात, नाहीतर कोठल्या तरी परदेशी, निरर्थक स्थळांवरून आपल्या पानाकडे विकतचे दुवे जोडतात. दोन्ही गोष्टी नियमभंग ठरतात आणि त्यापायी असलेले स्थानही जाते. पानाच्या पोटात ‘कीवर्ड’ नावाची जी यादी हे लोक मोठ्या डौलाने भरून दाखवतात, ती क्रमांकासाठी आपण पाहत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले होते. २००९ साली मेलेल्या म्हशीचे दूध आजही विकले जात आहे.

अलीकडे दुसरे एक खूळ निघाले आहे. यंत्राकडून शेकडो पाने लिहून घ्यायची किंवा कन्नड-इंग्रजी मजकूर यंत्राने मराठीत उतरवून तसाच टाकायचा. अशा घाऊक, निरुपयोगी मजकुराविरुद्ध मार्च २०२४ मध्ये गूगलने नियम कडक केले. नियम नसते तरी आम्ही याला विरोधच केला असता. ज्या मराठीला कोणी बोलत नाही अशा मराठीने सीमाभागाची पाने भरली, तर पुढच्या पिढीला आणि पुढच्या यंत्रांनाही तीच आमची बोली वाटेल. खानापूरच्या जंगलकाठच्या गावातल्या माणसाने आपल्या गावाबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहिलेले अडीचशे शब्दांचे पान अशा शंभर पानांना भारी आहे. ते दुसरीकडे कुठेच नसते, म्हणून शोधणाऱ्यापुढे तेच येण्याची शक्यता अधिक.

दुव्यांचे खरे मोलही इथेच आहे. एका वाचनालयाने शेजारच्या वाचनालयाच्या पानाचा उल्लेख करावा, शाळेने आपल्या माजी विद्यार्थी संघाचा दुवा द्यावा, संमेलनाच्या पानावरून मागील अध्यक्षांच्या भाषणांकडे वाट काढावी. हे विकत घ्यावे लागत नाही. यंत्र अशाच वाटांनी एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. आपल्याकडे प्रत्येक मंडळाचे पान एकटे, बेटासारखे. गटबाजीची सवय इथेही सुटलेली नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला खोडून काढणार नाही.

राहता राहिली मालकी. गूगलने छोट्या व्यावसायिकांना दिलेली विनामूल्य संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी तोच पत्ता पाटीवर आणि पिशवीवर छापला होता त्यांच्या हाती काही उरले नाही. स्वतःचे नाव विकत घेतलेल्यांचीही स्थिती फार बरी नाही. नोंदणी कारागिराच्या नावावर, संकेतशब्द त्याच्या वहीत, आणि तो नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला. वर्षाची मुदत संपते, सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर जाते, नाव सुटते आणि दुसराच कोणी ते घेऊन त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतो. काही स्थळांत चोर आत शिरून जपानी मजकुराची हजारो बनावट पाने पेरतात. मुखपृष्ठ जसेच्या तसे असते म्हणून मालकाला पत्ताही लागत नाही. वर सांगितलेली कोलनवाली तपासणी महिन्यातून एकदा केली तर हा प्रकार लगेच उघडकीस येतो. नोंदणी संस्थेच्या नावावर असावी, ई-मेल संस्थेचा असावा, संकेतशब्द किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असावा आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत लिहिलेली असावी. स्थळाचा पत्ता बदलायची वेळ आलीच, तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळणवाट ठेवावी आणि ती निदान वर्षभर काढू नये, कारण जुने नाव पाठ असलेला वाचक आणि जुना पत्ता नोंदलेले यंत्र, दोघेही आधी जुन्याच दारात येतात.